साठ मिलिग्रॅमची आई

"तुझी आमटी मला कधीच आवडली नाही," असं सासूबाई मला रात्री पावणेदोन वाजता म्हणाल्या. स्वयंपाकघरात, उभ्या उभ्या, डब्यातली शेव मुठीने खात. भांडणाचा सूर नव्हता. उद्या दूधवाल्याला अर्धा लिटर जास्त सांग, हे ज्या सुरात सांगतात त्याच सुरात. "गूळ फार घालतेस. पहिल्यापासून. म्हटलं, कशाला सांगा." आणि मग डबा माझ्यापुढे करून, "घे ना." मी घेतली. लसणाची शेव होती, तिखट. बाहेर पाऊस पडत होता, पन्हळीचं पाणी अंगणातल्या बादलीत पडून बादली कधीच भरून गेली होती, आणि मी चिमूटचिमूट शेव खात मागच्या सगळ्या पंगती आठवत होते. गणपतीतली नैवेद्याची पानं, दिवाळीचे पाहुणे, साधे सोमवार. प्रत्येक वेळी 'छान झालीये हो आमटी'. एकदाही चुकल्या नव्हत्या. घरात तेव्हा जन्ममरणाच्या गोष्टी चालल्या होत्या, आईंचं रक्त नीट गोठत नव्हतं, आणि माझ्या मनाला लागला तो गूळ.

आजार आषाढात उघडकीला आला. डाव्या दंडावर तळहाताएवढा डाग, मधे काळा, कडेला जांभळा. "कुठे आपटलात?" "कुठेच नाही." आठवड्यात मांडीवर दुसरा, मग पोटरीवर. जुना डाग हिरवा-पिवळा होऊन उतरायला लागला की शेजारी नवा उमटलेला असायचा. दुखायचं फारसं नाही, पण मांडी टणक लागायची आणि तिथली कातडी गरम. हृदयासाठी म्हणून वर्षानुवर्षं चालू असलेली रक्त पातळ करायची छोटी गोळी आमच्या घरच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी बंद केली. डाग थांबले नाहीत. इंदूरच्या रामबागेतली आमची घरं जुनी, ओटले एकमेकांना लागून, तेव्हा कुणाच्या दंडावर काय आहे हे लपत नाही. शेजारच्या काकूंनी एकदा आईंच्या हाताकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. एवढंच. तोंडाने काही नाही. पण चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या अंगावर काळेनिळे वळ आणि घरात सून, म्हटल्यावर त्या नजरेचा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी आईंना पूर्ण बाह्यांची पोलकी शिवून आणली. त्यांनी का ते विचारलं नाही.

तपासण्यांत प्लेटलेट भरपूर. मग रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या दोन चाचण्या. पीटी ठीक. एपीटीटी मात्र ८२ सेकंद, जिथे तीसच्या आसपास हवं. लॅबवाल्याला वाटलं नमुना बिघडला, परत घेतला, परत तेच. मग रक्तविकारांच्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण माणूस, भोपाळकडचा, हिंदीतून बोलणारा, आणि कागदाच्या पाठीवर चित्रं काढून समजावणारा. त्यांनी मिक्सिंग स्टडी सांगितली. रुग्णाचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातल्या पेशी वगळून उरलेला द्रव, आणि निरोगी माणसाचा प्लाझ्मा अर्धा अर्धा मिसळायचा. एखादा घटक नुसता कमी असेल तर निरोगी अर्ध्यातून तो भरून निघतो आणि वेळ ठाकठीक येते. पण रक्तातच त्या घटकाच्या विरोधात काहीतरी तयार झालेलं असेल, तर ते निरोगी अर्ध्यालाही खाऊन टाकतं. गंमत अशी की या आजारात मिसळल्या मिसळल्या पाहिलं तर पुष्कळदा सगळं जमल्यासारखं दिसतं. ३७ अंशांच्या उबेत दोन तास ठेवलं की मगच खरं काय ते बाहेर येतं. सासू-सुनेची परीक्षा याहून चांगली कुणी काढली नसेल, असं मला तिथे बसल्या बसल्या वाटलं. नवऱ्याला सांगणार होते, पण त्याचा चेहरा पाहून गप्प बसले.

आईंचं दोन तासांनी बिघडलं. रक्त गोठवणारा फॅक्टर एट हा घटक ४ टक्के, निदान ५० तरी हवा. विरोधक अकरा बेथेस्डा युनिट, हे विरोधकाचा जोर मोजायचं माप. म्हणजे त्यांच्याच शरीराने, कुणी सांगितलं नसताना, स्वतःच्याच फॅक्टर एटविरुद्ध अँटिबॉडी बनवायला घेतल्या होत्या. अक्वायर्ड हिमोफिलिया, रक्त नीट न गोठण्याचा, जन्मानंतर जडलेला आजार. जन्मजात हिमोफिलियात रक्त बहुधा सांध्यांत उतरतं, यात कातडीखाली आणि स्नायूंत पसरतं. सुईच्या टोचणीचं रक्त बरोबर थांबायचं, कारण प्लेटलेट शाबूत होत्या, पण स्नायूत इंजेक्शन द्यायची सक्त मनाई.

हिमोफिलिया हा शब्द पुण्याला नणंदेपर्यंत पोचला आणि तासाभरात तिचा फोन. तिला दोन मुलगे. आईकडून मुलीकडे, मुलीकडून नातवांकडे, इंग्लंडच्या राणीपासून रशियाच्या राजपुत्रापर्यंत सगळी वंशावळ तिने वाचून काढली होती आणि रडत होती. तो जन्मजात प्रकार वेगळा, राजघराण्यातला तर फॅक्टर नाइनचा होता हे रशियाच्या राजकुटुंबाच्या हाडांवरून २००९ साली सिद्ध झालं, आणि आईंचा हा मिळवलेला, वारशाने न जाणारा; हे सगळं मी तिला डॉक्टरांच्या कागदावरून वाचून दाखवलं. ती शांत झाली. मग बऱ्याच वेळाने विचारलं, "आईला बरं वाटेल ना पण?" माणसं आधी पुढच्या पिढीला मोजतात, त्यात मला काही वावगं वाटत नाही.

दहा लाखांत एखाद्याला, वर्षाकाठी. म्हणजे आख्ख्या इंदुरात तीन-चार. एक तर म्हाताऱ्या माणसांना होतो, नाही तर नुकत्याच बाळंत झालेल्या तरुण बायकांना. कधी मागे कर्करोग दडलेला असतो, कधी ल्यूपससारखं, शरीर स्वतःवरच उलटण्याचं काही दुखणं. म्हणून आईंचं छाती-पोटाचं सीटी स्कॅन झालं, आणखी डझनभर तपासण्या झाल्या. काही सापडलं नाही. जवळजवळ निम्म्या लोकांत सापडतच नाही म्हणे. नवऱ्याला हे पटेना. तो इंजिनियर, कारणाशिवाय बिघाड त्याला मान्य नाही. मला मात्र ते फार ओळखीचं वाटलं.

उपचार दोन पदरी. मोठा रक्तस्राव झालाच तर तो थांबवायला फॅक्टर सेवन-ए, दर दोन-तीन तासांनी, किंवा तसलं दुसरं औषध, आणि दिवसाचा खर्च लाखांत. ते ऐकून नवऱ्याने बँकेतल्या ठेवींच्या पावत्या काढून टेबलावर मांडल्या होत्या. पण डॉक्टर म्हणाले, डागांवर उपचार करायचा नाही, धोक्याच्या रक्तस्रावावर करायचा. पोटात, घशात, मेंदूत काही झालं तर ताबडतोब या. तशी वेळ आली नाही. दुसरा पदर म्हणजे अँटिबॉडी बनवणारी यंत्रणाच दाबून टाकायची. त्यासाठी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, वजनाच्या दर किलोला एक मिलिग्रॅम. आईंचं वजन ५८, म्हणून साठ. दवा बाजारातून पुडकं आणलं तेव्हा शंभराच्या नोटेतून सुटे परत आले. त्या पावत्या अजून टेबलावरच होत्या. सोबत सायक्लोफॉस्फामाइड हे प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध द्यायचं का यावर बरीच चर्चा झाली. युरोपातल्या ५०१ रुग्णांच्या नोंदवहीत नुसत्या स्टिरॉइडने निम्म्यांच्या आसपास लोक पक्के बरे झाले होते, दोन्ही दिल्यावर शेकडा सत्तर. पण जोडीने संसर्गाचा धोका वाढतो, आणि जर्मनी-ऑस्ट्रियातल्या एका अभ्यासात या रुग्णांत रक्तस्रावापेक्षा संसर्गानेच जास्त माणसं गेली होती. आईंचा विरोधक वीस युनिटांच्या आत आणि फॅक्टर एट एक टक्क्याच्या वर, म्हणून आधी एकट्या स्टिरॉइडवर काही आठवडे बघू असं ठरलं.

स्टिरॉइड म्हटल्यावर गल्लीतून जो हाहाकार उठला त्यावर वेगळा लेख होईल. हाडं पोकळ होतात, मूत्रपिंड जातं, एकदा लागली की सुटत नाही, आमच्या अमुक मामांचं काय झालं. यातलं काही खरंही आहे. पण सर्वांत मोठा आवाज ज्यांचा होता त्या बाई गुडघ्यांसाठी गावाबाहेरच्या कुणा बाबाकडून नाव-पत्ता नसलेल्या करड्या पुड्या आणतात, आणि दोन दिवसांत उड्या मारायला लागतात. असल्या 'देशी' पुड्यांत अनेकदा स्टिरॉइडच निघालेलं आहे. लेबल लावून, मोजून, डॉक्टरने दिलेलं नको, पुडीतलं चालतं. असो.

गोळ्या सकाळी नाश्त्यानंतर, एकदमच. शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, कॉर्टिसोल, तेही पहाटे-सकाळीच चढतं, म्हणून त्या तालाला धरून, आणि संध्याकाळी घेतली तर झोप उडते म्हणून. आईंची सकाळी घेऊनही उडाली. तिसऱ्या-चौथ्या रात्रीपासून घरातला एक दिवा कायम चालू राहायला लागला. त्यांनी पितळी डबे चिंचेने घासले. सगळी कपाटं लावली. निवृत्त गणिताच्या बाई, तर नातवाचं अकरावीचं पुस्तक उघडून पहाटे तीनला उदाहरणं सोडवून ठेवली, वर लाल पेनाने पुस्तकातल्या छपाईच्या चुका. भूक अशी की दोन पोळ्या खाणारी बाई पाचवी मागायची. उपाशीपोटीची साखर १०४ आणि दुपारी चारला ३१२. सकाळच्या स्टिरॉइडची हीच खूण, दिवस चढेल तशी साखर चढते. एका रात्री म्हणाल्या, "सराफा उघडा असेल ना आत्ता? भुट्ट्याचा कीस आणा." घड्याळात साडेबारा. सोन्याची दुकानं मिटल्यावर तिथे तवे आणि कढया लागतात हे इंदूरवाल्याला माहीत असतं, पण आईंनी जन्मात बाहेरचं रात्री खाल्लेलं नव्हतं. गर्दीत न्यायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद, म्हणून नवरा स्कूटर काढून गेला. गरम द्रोण, वर खोबरं आणि लिंबू. त्या तो बोटांनी निपटून खाताना माझ्या डोळ्यांपुढे ग्लुकोमीटरचे आकडे फिरत होते आणि तरीही, खरं सांगते, छान वाटत होतं.

आणि बोलणं. त्याला खंडच नाही.

आमटी ही नुसती सुरुवात. मग इंदूर. त्या माहेरच्या ग्वाल्हेरच्या, तिथल्या लष्कर भागातल्या. लग्न होऊन होळकरांच्या गावात आल्या त्याला पन्नास वर्षं होत आली, आणि पाहुण्यांपुढे इंदूरचं कौतुक त्यांच्याइतकं कुणी करत नसे. साठ मिलिग्रॅमवर कळलं की हे गाव त्यांना कधी आवडलंच नाही. "पोहे ही काय न्याहारी आहे? वारा खाल्ल्यासारखं. आमच्याकडे सकाळी बेडई असायची, डाळीची तळलेली पुरी." मग मामंजी, ते घोरायचे. मग नणंदेचं लग्न, ते घाईत केलं. शेजारच्या काकूंनी भिंतीवरून विचारलं, "कैसे हैं दाग?" तर आई मोठ्याने म्हणाल्या, "सूनच मारते ना मला. रोज. आमटीने." काकूंचा चेहरा पडला. म्हणजे ती नजर आईंनीही पाहिली होती. त्या दिवशी मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. मारली नाही, डाग पडतील अशी भीती होती. निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

मग एका पहाटे, मी दिवा बंद करायला उठले तेव्हा, "तू माझ्याशी नेहमी खोटं हसतेस." मी काय बोलणार. हसले. "हे बघ. हेच."

गोळी बोलते की आई बोलते, हा प्रश्न मला पुढे कितीतरी दिवस पुरला. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, या डोसवर मूड बदलतो, चिडचिड होते, क्वचित माणूस भ्रमातही जातो. ही गोष्ट नवी नाही. १९४८च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकला फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुण बाईला पहिल्यांदा कॉर्टिसोन हे स्टिरॉइड टोचलं, काही दिवसांत ती चालायला लागली, आणि दोन वर्षांत हेंच, केंडॉल आणि राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. त्या पहिल्या रुग्णांपैकी काही जण नुसते बरे झाले नाहीत, उधळले. आनंदाने, बडबडीने. १९७२ साली बॉस्टनच्या औषध-निरीक्षण गटाने मोजणी केली: दिवसाला चाळीस मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोन, म्हणजे आईंच्याच जातीची गोळी, घेणाऱ्यांत मानसिक परिणाम १.३ टक्के, एकेचाळीस ते ऐंशी घेणाऱ्यांत ४.६, ऐंशीच्या वर १८.४. आई मधल्या कोष्टकात बसत होत्या. कोष्टक सापडल्यावर पहिल्यांदा मला हायसं वाटलं. चला, रसायन होतं. आमटी चांगलीच असणार.

पण भ्रमात गेलेलं माणूस भलतंसलतं बोलतं. आई एकही गोष्ट भलती बोलल्या नव्हत्या. गूळ मी जास्तच घालते. माझ्या आईचा हात तसा होता आणि तो मी मुद्दाम सोडलेला नाही. मामंजी घोरायचेच. आणि माझ्या हसण्याचं म्हणाल, तर ते मी आरशात कधी पाहिलेलं नसलं तरी गालांना ठाऊक आहे. औषधाने त्यांच्या मनात काही नवं घातलं नव्हतं, फक्त झाकण काढलं होतं. एकच गोळी रक्तातलं भांडण दाबत होती आणि घरातलं, कधी न झालेलं, वर आणत होती. इतकी वर्षं आम्ही दोघींनी एकमेकींशी जे सौजन्य पाळलं ते खोटं होतं असंही मला म्हणायचं नाही. रोज पाळावं लागतं ते पुरतं खोटं कसं असेल? तरी त्या पावणेदोनच्या स्वयंपाकघरात मला पहिल्यांदा त्यांच्यासमोर बसून खावंसं वाटलं, वाढून झाल्यावर नव्हे.

पाचव्या आठवड्यात एपीटीटी ४१वर आलं. डाग पिवळे पडून विरले, नवे उमटले नाहीत. आनंद करायला गणपती होते, पण माणसं बोलावता येत नव्हती. आरतीला आम्ही चौघं, आईंच्या तोंडाला मास्क, जिभेवर बुरशीचा पांढरा थर आणि त्यावर लावायचं औषध. चेहरा गोल, गुळगुळीत, अनोळखी झालेला. मग उतार सुरू झाला: पन्नास, चाळीस, तीस, हळूहळू. इतके आठवडे बाहेरून मिळाल्यावर शरीर स्वतःचं बनवायचं सोडून देतं, म्हणून एकदम थांबवायचं नाही. थांबवलं तर माणूस कोसळू शकतो. विसाच्या खाली आल्यावर आई झोपायला लागल्या. दिवसासुद्धा. जिना चढताना मांड्या थरथरायच्या, स्टिरॉइड स्नायूही खातं. बोलणं आटलं. दिवाळीच्या सुमाराला एक दिवस दुपारी पानावर म्हणाल्या, "छान झालीये हो आमटी."

घरात सगळे म्हणाले, आई परत आल्या. नवरा तर देवापुढे पेढे ठेवून आला. मी हो म्हटलं. मला कुणीतरी गेल्यासारखं वाटत होतं, आणि हे बोलायला घरात त्यांच्याखेरीज दुसरं माणूस नव्हतं. त्यांना यातलं काही आठवतं का, हे विचारायचं धाडस झालं नाही. त्यांनीही विषय काढला नाही. थंडीत गराडू, आमच्याकडचा कंद, तळले तेव्हा एक फोड खाऊन ताट बाजूला सारलं, "पुरे, मला कुठे पचतंय."

परवा तपासणीला गेलो होतो. आता सुरुवातीचे सहा महिने दर महिन्याला फॅक्टर एट बघायचा. पाचातल्या एकाला हा आजार उलटतो, पुष्कळदा पहिल्या वर्षातच. लॅबमधला मुलगा निळ्या टोपणाची नळी अर्धवट भरून सुई काढायला लागला तर आई म्हणाल्या, "निशान तक भर, बेटा. एक हिस्सा दवाई, नौ हिस्सा खून. गणित है." तो ओशाळला, भरली. फॅक्टर ९६ टक्के आला. गोळी आता पाच मिलिग्रॅमची, तीही महिनाभरात बंद होणार. डॉक्टर खुश होते. हाडांची घनता बघायला डेक्सा स्कॅन लिहिलं, कॅल्शियम चालू ठेवा म्हणाले, डोळ्यांची तपासणी सांगितली, दातांच्या डॉक्टरकडे जायच्या आधी मला फोन करा म्हणाले. मी फाइल आवरत होते. आई खुर्चीतून उठल्या नाहीत.

"डॉक्टरसाब, वो साठवाली फिर कभी लेनी पड़ेगी क्या?"

"अरे नहीं माताजी. भगवान न करे."

"नहीं, ऐसे ही पूछा," आई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "दो-चार बातें रह गई थीं."